धाकटीने गुंडाळलेलं सूत

मी एक जुना लोखंडी पाईप आहे. आता माझ्यातून पाण्याचा थेंबही वाहत नाही. तरी मित्रांनो, मी रडगाणं गायला बसलेलो नाही. मला दोन माणसांचे आभार मानायचे आहेत.

कारखान्यात माझ्या अंगावर जस्ताचा मुलामा चढला, दोन्ही टोकांना जोडासाठी आटे पाडले गेले आणि मी बाळंतिणींच्या एका लहानशा दवाखान्यात आलो. तिथे आमचं सगळं गणगोत होतं. घाण पाणी निमूटपणे पोटात घालून खाली नेणारे बिडाचे थोराड पाईप आमचे काका. गरम पाण्याचा तांब्याचा पाईप दिसायला देखणा, म्हणून जरा शिष्ट. बागेतली रबरी नळी दिवसभर लोळत पडलेली. माझ्या वाट्याला आलं ते बाळांच्या अंघोळीच्या नळाला पाणी पोचवण्याचं काम.

मला बसवायला नळाचं काम करणारे मिस्त्री आले, सोबत त्यांची धाकटी मुलगी. शाळा संपल्यावर तिने हट्टाने वडिलांचंच काम धरलं होतं. पाईप जोडताना आट्यांवर सफेद्याचा पांढरा लेप लावून सूत गुंडाळतात, म्हणजे फटीतून पाणी झिरपत नाही. मिस्त्रींनी धाकटीला समोर बसवून ते गुंडाळून दाखवलं आणि माझा जोड तिच्यावर सोपवला. तिने अगदी तसंच केलं. निदान तिला तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोड ठिबकत होता. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, ते तळं नेमकं खालच्या कपाटात साचलं आणि कापसाचे गठ्ठेच्या गठ्ठे भिजले. मोठ्या सिस्टर संतापल्या. या मुलीने इथल्या पाईपला पुन्हा हात लावायचा नाही, असं त्यांनी सुनावलं. धाकटीने मान खाली घालून पाना वडिलांच्या पिशवीत ठेवला आणि "उद्यापासून मी येणार नाही," म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गळत तर मीच होतो ना.

मिस्त्रींनी जोड उघडला. सूत उलट्या दिशेने गुंडाळलेलं होतं. जोड ज्या बाजूला आवळायचा त्याच बाजूला सूत जायला हवं, नाहीतर आवळताना ते सुटत जातं. ते सुटलेलं सूत हातात घेऊन मिस्त्री उठले. मग सिस्टरांना म्हणाले, "चूक माझी आहे. मी हिच्या समोर बसून शिकवलं. आरशात दिसावं तसं हिला सगळं उलटं दिसलं, आणि पोरीने दिसलं तसं केलं."

मग ते धाकटीच्या शेजारी जाऊन बसले, खांद्याला खांदा लावून. "आता माझ्या हाताकडे बघ," एवढंच म्हणाले. सिस्टरांनी नाक मुरडलं, पण अडवलं नाही. सूत पुन्हा गुंडाळलं गेलं, पाना फिरला, पाणी सुटलं. मी आटे घट्ट आवळून धरले. त्या दिवशी थेंब पडला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि पुढे एकतीस वर्षं नाही.

किती बाळांनी त्या नळाखाली भोकाड पसरलं, त्याची मोजदाद मी ठेवली नाही. त्यात सिस्टरांची नातही होती. तेव्हा तिची आई जोडाकडे शंकेने बघू लागली, तर सिस्टरच म्हणाल्या, "धाकटीच्या हातचा आहे. गळायचा नाही."

पुढे माझ्या पोटात गंज साचला आणि पाण्याची धार करंगळीएवढी उरली. जो तो मला बोल लावू लागला. मग प्लास्टिकचे पाईप आले. हलके, न गंजणारे. मला त्यांचा हेवा वाटत नाही, बाळांना स्वच्छ पाणी मिळालंच पाहिजे. मला उतरवायला धाकटीच आली, आता केस पिकलेली. कामगार मला भंगारात टाकायला निघाले होते. तिने आधी तो जोड उघडला. माझं सारं अंग गंजलेलं, पण त्या जोडात पाणी कधी शिरलंच नव्हतं, तिथले आटे तेवढे लखलखीत होते. ती त्यांच्यावरून बोट फिरवत राहिली. "बाबा असायला हवे होते," म्हणाली.

तिने त्या आट्यांसकट माझा हातभर तुकडा कापून घरी नेला. आज तिच्याकडे शिकायला येणाऱ्या मुली माझ्यावरच सूत गुंडाळायचा सराव करतात. मित्रांनो, नळ ठिबकला तर खाली बादली लावून मोकळे होऊ नका आणि पाईपला दोषही देऊ नका. जोड उघडून बघा. काल एकीचं सूत उलटं गेलं आणि ती रडवेली झाली. धाकटी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून उठून आली आणि तिच्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लावून.