व्हेन्डलाचा घास

"नाक दाबू नकोस," तेक्ला म्हणाली. "लेकुरवाळी झालीस आता. पोरगी बघतेय."

व्हेन्डलाने नाकावरचा हात काढला, पण श्वास तसाच रोखून धरला. तळघरात एकच दिवा, तोही मिणमिणता. कोळशाच्या ढिगाशेजारी कपडे धुण्याच्या जस्ताच्या टबात यंदाच्या नाताळचा मासा भिजत पडला होता. कडेवरच्या इर्माने आईच्या मानेत तोंड खुपसलं. दहा महिन्यांच्या जिवालाही कळत होतं.

"बघ तरी कसा फुगलाय!" तेक्लाने बाही सारून कोपरापर्यंत हात टबात घातला आणि एक तुकडा वर काढला. तुकडा म्हणायचा एवढंच. तिच्या बोटांच्या फटींतून तो लोंबला, ताणला गेला आणि थबकन परत पाण्यात पडला. जिथे पडला तिथे फेस आला. धुण्याच्या दिवशी येतो तसा, पांढरा आणि दाट.

व्हेन्डला इर्माला घेऊन एक पाऊल मागे सरली.

हा मासा तिला जन्मापासून ठाऊक होता. नोव्हेंबर लागला की क्लार्क स्ट्रीटवर दुकानांच्या दारांबाहेर तो सरपणाच्या मोळ्यांसारखा उभा करून ठेवत. तितकाच वाळलेला, तितकाच टणक. गल्लीतली कुत्री येताजाता त्यावर तंगडी वर करत, दुकानदार झाडू घेऊन त्यांच्यामागे धावत आणि मग तोच मासा कागदात गुंडाळून चर्चच्या मंडळीतल्या बायकांना विकत. घरी आणून तो पाण्यात घालायचा. नऊ डिसेंबरला, संत आनाच्या दिवशी, मऊ पडावा म्हणून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात. मग पुन्हा साध्या पाण्यात, रोज पाणी बदलत, नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत. त्या दिवसांत शिकागोच्या उत्तरेकडच्या प्रत्येक स्वीडिश घराच्या जिन्यात एकच वास भरून राही. शाळेत आयरिश पोरी व्हेन्डलाजवळून जाताना ओकल्यासारखं करत. ती घरी येऊन हात लाल होईपर्यंत घासायची. मासा खायची मात्र नाही. एकदा वडील पट्टा मांडीवर घेऊन तिच्यासमोर बसून राहिले, ताटातला मासा गार होऊन थिजला, तरी तिने दात उघडले नाहीत. अखेर तेक्लाच म्हणाली होती, "एव्हाल्ड, झोपू दे तिला. तिला नाही जमत." पुढच्या नाताळपासून तिच्या ताटात न बोलता मांसाचे गोळे पडू लागले. त्यावर मायलेकींत कधी एक शब्द झाला नाही.

तशी व्हेन्डला नाजूक नव्हती. पंधराव्या वर्षापासून तिने तलावाकाठच्या श्रीमंतांच्या घरी काम केलं होतं. स्वीडिश मुलगी म्हणजे स्वच्छ, असं त्या बायका एकमेकींना सांगत आणि मग आपल्या नवऱ्यांच्या ओकाऱ्या, कुत्र्यांची घाण, तुंबलेली मोरी त्या स्वच्छ मुलीपुढे करत. तिने सगळं काढलं. आता तिचा नवरा एइनार शहराच्या दक्षिणेला एका मोठ्या इमारतीची भट्टी आणि कचरा सांभाळत होता; नाताळलाही भट्टी सोडून त्याला येता येत नसे. त्याच इमारतीच्या तळघरातल्या दोन खोल्यांत त्यांचा संसार. तिथल्या उंदरांनाही ती शेपटीला धरून बाहेर फेकायची. फक्त हा मासा तिला सोसत नव्हता.

"आई," तिने सावकाश विचारलं, "सोडा किती वेळा घातलास?"

"काय विचारतेस? एकदाच घालतात. मला शिकवतेस?"

"नाही गं. सहज."

"चाळीस वर्षं करतेय मी."

तेक्लाला वास येत नव्हता. सप्टेंबरात ताप आला आणि जाताना नाक घेऊन गेला. आणखीही काही घेऊन गेला होता. कॉफीचं भांडं दोनदा चुलीवर जळून त्याला भोक पडलं. ऑक्टोबरात एका सकाळी ती परकरावरच क्लार्क स्ट्रीटवर उभी राहून लिंडग्रेनची बेकरी कुठे गेली म्हणून विचारत होती. लिंडग्रेन मरून बेकरीत आता चपला मिळत होत्या. तिला घरी आणून सोडलं ते शेजाऱ्यांनी, आणि संध्याकाळच्या आत ते वॉल्टरपर्यंत पोचलं.

वॉल्टर म्हणजे व्हेन्डलाचा थोरला भाऊ. बाप्तिस्म्याला वाल्डेमार, विमा विकायला लागल्यापासून वॉल्टर. वडील गेल्यापासून घर त्याच्या नावावर होतं. मंडळीच्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झालीय, असं त्याने व्हेन्डलाला ट्रामच्या थांब्यावर गाठून सांगितलं होतं. वर म्हणाला, "मी काही राक्षस नाही. नाताळचं टेबल तिने नेहमीसारखं मांडलं तर मी हा विषय काढणार नाही. शब्द देतो. पण नाही जमलं तर तू मधे पडायचं नाहीस. की नेतेस तू तिला तुझ्या तळघरात?"

नेता येत नव्हतं. इमारतीच्या मालकाने माणसं मोजूनच खोल्या दिल्या होत्या. इर्मा झाली तेव्हाही त्याने तोंड वाकडं केलं होतं.

"हा मी टाकून देऊ का?" व्हेन्डला म्हणाली. "दुकानातून तयार भिजवलेला आणते. धावत जाते."

तेक्लाने ओला हात एप्रनला पुसला आणि लेकीकडे असं पाहिलं की व्हेन्डलाला पुन्हा आठ वर्षांची झाल्यासारखं वाटलं.

"दुकानातला? माझ्या टेबलावर?" ती म्हणाली. "आणि दुकानं दुपारीच बंद झाली. जा, बटाटे सोल."

वॉल्टर आणि लॉरेन अंधार पडता पडता आले. लॉरेन स्वीडिश नव्हती, पण त्यापेक्षा वाईट म्हणजे ती हसरी होती. दारातच तिने रुमाल नाकाला लावला आणि त्यावरून हसत राहिली.

"ओह, आई, कित्ती छान वास!" ती म्हणाली. मग तेक्ला स्वयंपाकघरात वळताच वॉल्टरला हळूच, "देवा रे. इथे कोणी मेलंय का?"

"थोडा वेळ कळ काढ," वॉल्टर म्हणाला.

लॉरेन कळ काढू लागली. म्हणजे जेवणाच्या खोलीत फिरत तिने भिंतीकडच्या कपाटाच्या कडेवरून बोट ओढत नेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग थांबून मनातल्या मनात काहीतरी जुळवून पाहिलं. आपल्या घरात कुठे बसेल ते. व्हेन्डलाने ते पाहिलं आणि तळघरातल्यापेक्षा जास्त किळस तिला इथे, या मेणबत्त्यांच्या उजेडात आली. कपाट आजोबांनी स्वीडनमधल्या स्मोलांडहून आणलेल्या पेटीच्या लाकडातून वडिलांनी केलं होतं. आई अजून आत बटाट्यांचं पाणी काढत होती, आणि इथे तिच्या मागे तिच्या वस्तूंवर बोटं फिरू लागली होती.

टेबल मात्र सुरेख होतं. लोणच्यातला हेरिंग मासा, भाजलेली हॅम, मटार, राईचा गोडसर लिम्पा पाव, बदाम घातलेली तांदळाची खीर. इस्त्रीची चादर. सगळं जागच्या जागी. वॉल्टरने प्रत्येक ताटलीवरून नजर फिरवली आणि त्याच्या चेहऱ्यावर किंचित नाराजी आली. तो खोट शोधत होता आणि त्याला सापडत नव्हती. आपल्या भावाचा चेहरा इतका जवळून कधी वाचलाच नव्हता असं व्हेन्डलाला वाटलं, आणि वाचला नसता तर बरं झालं असतं.

मग तेक्लाने मासा आणला.

खोलगट ताटात तो अंग टाकून पडला होता. राखाडी, अर्धपारदर्शक, ताट हलेल तसा थरथरत. तेक्लाने वर पांढरा रस्सा ओतला, तर कडांना बारीक बुडबुडे आले. वाढायचा चांदीचा चमचा आत गेला तो बाहेर येताना काळपट झाला. प्रार्थना झाली. तेक्लाने आधी मुलाला वाढलं, मग सुनेला. व्हेन्डलाच्या ताटात नेहमीसारखे मांसाचे गोळे होते.

लॉरेनने काट्याने मासा रस्स्याखाली पुरला. वॉल्टरने घास घेतला.

तो थांबला. गालात घास तसाच. मग तो ग्लासातल्या पाण्याने गिळून त्याने रुमालाने ओठ टिपले, आणि बायकोकडे पाहिलं. व्हेन्डला ती नजर पुढे जन्मभर विसरली नाही. वाईट मासा खाऊन इतका समाधानी झालेला माणूस तिने पाहिला नव्हता.

"आई," तो गोड आवाजात म्हणाला, "तू चाखून पाहिलास का गं?"

"करणारीने आधी खाऊ नये. का रे? मीठ कमी आहे?"

"मीठ नाही. तू चाखच."

"चाखते. आधी हिचा घास." तेक्लाने हसत चमच्यावर एक थरथरता तुकडा घेतला, त्यावर फुंकर मारली आणि टेबलावरून व्हेन्डलाच्या मांडीवरच्या इर्माकडे वाकली. "इर्माचा पहिला नाताळ. पहिला घास आजीच्या हातचा. आ कर, सोनुली. आ..."

आणि इर्माने, चमचा दिसला म्हणून, पाखराच्या पिलासारखा आ वासला.

व्हेन्डला ओरडली असती तर सगळं तिथेच संपलं असतं. हात मारून चमचा उडवला असता तरी संपलं असतं. तिने मान पुढे केली आणि तो घास स्वतःच्या तोंडात घेतला.

तोंडात तो विरघळला नाही, पसरला. जिभेवर, टाळूवर, दातांच्या मागे. आधी काहीच चव नव्हती, फक्त घरभर धुणं काढल्यासारखा वास आतून नाकात चढला. मग हिरड्या चुरचुरल्या. तिने इर्माची पावलं मांडीवर घट्ट धरली आणि गिळलं.

"माझ्या पोरीचा घास मीच पळवला," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते हसण्याचं वाटावं म्हणून ती हसली. "छान झालाय, आई. वॉल्टर, तुझ्या जिभेलाच काहीतरी झालंय. लॉरेन, तुला नको असेल तर इकडे दे."

"तू?" वॉल्टर म्हणाला. "तू खातेस?"

"मोठी झाले मी."

तिने ताट ओढून घेतलं, गोळे बाजूला सारले आणि मासा वाढून घेतला. चांगले दोन चमचे. एक घास, बटाट्याबरोबर. दुसरा, बटाट्याबरोबर. कपाळावर घाम फुटला. प्रत्येक घास वर यायचा आणि ती तो परत खाली पाठवायची. इर्मा टेबलावर हात आपटत होती. आईचं टेबल नेहमीसारखं झालं होतं. बहीण समोर बसून खात होती. शब्द त्याने दिला होता.

तिसऱ्या घासाला तेक्लाने चमचा खाली ठेवला. आवाज झाला नाही.

"किती बिघडलाय?" तिने विचारलं.

"बिघडला नाही, आई. बघ ना, मी..."

"तेच बघतेय." तेक्लाचा आवाज अगदी साधा होता. "बापाने पट्टा घेतला तेव्हा तू तोंड उघडलं नाहीस. आज मागून खातेस. व्हेन्डला, किती बिघडलाय ते सांग."

मेणबत्तीचं मेण चादरीवर ओघळलं, कोणी हाताने अडवलं नाही.

"साबण झालाय," व्हेन्डला म्हणाली.

तेक्लाने ताटातला एक तुकडा अंगठा आणि बोटात धरून चोळला, दुकानात कापड पाहतात तसा. मग बोटं दिव्यापुढे धरली. "दोनदा घातला म्हणजे मी," ती म्हणाली. "आणि हे मी बाळाला देत होते."

"आई, कुणाच्याही हातून..." वॉल्टर म्हणाला.

"वाल्डेमार, ती खाट मला कधीपासून मिळते?"

वॉल्टर लालबुंद झाला. "कुठली खाट?"

"पाळकांची बायको कॉफीला आली होती. तिला वाटलं, मला माहीत आहे. तू सांगितलंच असशील म्हणून."

"मी सांगणारच होतो. नाताळ होऊ दे म्हटलं..."

"झाला." तेक्लाने माशाचं ताट उचललं. "तेरा जानेवारीला क्नूटचा दिवस, त्यानंतर येईन, त्याआधी नाही. नाताळचं झाड बाहेर टाकल्याशिवाय कुणी घर सोडत नसतं. आता हॅम काप. तुझी बायको उपाशी आहे, आणि तिला कपाट हवं असेल तर मला विचार म्हणावं. स्वयंपाकघराच्या दाराच्या काचेतून दिसतं मला."

लॉरेनचं हसणं पहिल्यांदा गेलं. वॉल्टरने सुरी उचलली. तो खरंच हॅम कापू लागला, पातळ, एकसारखे काप, जणू काही झालंच नव्हतं. व्हेन्डलाला वाटलं, या खोलीत साबणाहून जास्त न गिळवणारं काहीतरी आहे. पण पोट बोलायला उसंत देईना. इर्माला खुर्चीत बसवून ती स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे धावली.

पायऱ्यांच्या खाली, बर्फात, सगळं बाहेर आलं. मासा, रस्सा, बटाटे. फेसासकट. थांबेचना. मागून एक हात तिच्या कपाळावर आला आणि दुसऱ्याने केस मागे धरले. ओला, खरखरीत हात. त्यालाही तोच वास होता.

"थुंक," तेक्ला म्हणाली. "सगळं थुंक. आत ठेवू नकोस."

"आई, तू आत जा. कोट नाही अंगात."

"गप बस. अजून आहे तुझ्या पोटात."

अजून होतं. ते निघेपर्यंत कपाळावरचा हात हलला नाही. मग तेक्लाने एप्रनच्या टोकाने तिचं तोंड पुसलं. हनुवटी धरून, जरा जोरातच, इर्माचं पुसावं तसं.

"मूर्ख पोरगी," ती म्हणाली. "एवढं कशाला खायचं?"

व्हेन्डलाने मूठभर स्वच्छ बर्फ तोंडात घातला. आतून इर्माच्या रडण्याचा आवाज आला. लॉरेन तिला काहीतरी म्हणत होती, आणि रडणं वाढलं.

"जा, घे तिला," तेक्ला म्हणाली. "मी आलेच."

व्हेन्डलाने दारातून वळून पाहिलं. आई भट्टीच्या राखेची बादली घेऊन परत बर्फात आली होती. त्या घाणीवर ती फावड्याने राख टाकत होती, थोडी थोडी, कडेपर्यंत सारखी पसरवत. सकाळी दूधवाला त्याच वाटेने यायचा होता.