मोठ्या आकड्यांचा प्लेअर

अप्पांना मी नागोयात आणलं ते किल्ला आणि बागा दाखवायला, असं सगळ्यांना सांगितलं होतं. खरं कारण सीडी प्लेअर.

आई गेल्यापासून पुण्याच्या घरात गाणं बंद होतं. त्याआधी वीस-बावीस वर्षं दर रविवारी सकाळी आमच्याकडे बैठक असायची. अप्पा, त्यांचे मित्र नंदूकाका आणि आणखी तिघं सतरंजीवर बसून रेकॉर्डी ऐकायचे. अप्पा टेलिफोन खात्यात साधे कारकून, पण कानाचा मान असा की त्यांनी 'वा' म्हटल्याशिवाय बाकीच्यांची मान हलायची नाही. मलाही त्यांनी एकच गोष्ट शिकवली, ऐकायला. बाकी आम्हा बापलेकांत बोलण्यासारखं फारसं कधी नव्हतं.

आई गेली आणि अप्पांनी रेकॉर्ड प्लेअरवर जुना अभ्रा घातला. "मन लागत नाही," म्हणाले. नंदूकाकांनी दोनदा मंडळी जमवली, दोन्ही वेळा अप्पांनी चहा पाजून त्यांची बोळवण केली. मी इंजिनियर माणूस. मला वाटलं, त्या खरखरत्या रेकॉर्डींत मन लागणार तरी कसं? चांगलं यंत्र द्यावं. गाणं सुरू झालं की माणसं येतील, आणि माणसं आली की अप्पा पूर्वीसारखे होतील. दीड वर्ष मी ह्या एकाच आशेवर होतो.

अॅम्प्लिफायर आणि स्पीकर घेऊन ठेवले होते. राहिला होता प्लेअर. चार महिने मी कॅटलॉग गोळा करत होतो. प्रत्येकात एक आलेख असायचा, डावीकडून उजवीकडे गेलेली सरळ आडवी रेघ. म्हणजे खालचा असो की वरचा, यंत्र कुठलाच सूर खात नाही. बेताच्या किमतीतल्या सहा मॉडेलांवर मी खुणा केल्या होत्या.

"मला बघायला आला होतास तेव्हा अर्ध्या तासात होकार दिलास," मेधा म्हणाली, "आणि ह्या डब्याला चार महिने?"

"तुझा कॅटलॉग नव्हता ना."

तिने उशी फेकून मारली. पण निवड मला करायचीच नव्हती. ती अप्पांच्या कानाने व्हायला हवी होती.

ओसूच्या बाजारात दुसऱ्या मजल्यावर हिरोसे-सानचं दुकान होतं. पन्नाशीचा माणूस, जराही घाई न करणारा. एका किमतीच्या पुढचे पैसे आवाजाला जात नाहीत, डब्याला जातात, असं तो स्वतःच सांगायचा, त्यामुळे माझा त्याच्यावर विश्वास. पहिल्या रविवारी त्याने अप्पांना स्टुलावर बसवलं आणि मी आणलेली तोडीची सीडी लावली. अप्पा प्लेअरच्या निळ्या आकड्यांकडे बघत मान डोलवत राहिले. थांबल्यावर त्यांनी किमतीचं कार्ड वाचलं.

"छान आहे. त्यातल्या त्यात स्वस्तही दिसतोय. हाच घे."

दुसरा लावला. "हाही छान. पण तो स्वस्त होता." तिसरा लावला. "अरे, फरक काय आहे? उगीच पैसे घालवू नकोस."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. माझं डोकं फिरलं. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवणारा हा माणूस निदान गाण्याच्या बाबतीत तरी चिक्कूपणा करणार नाही असं मला वाटलं होतं. खालच्या दुकानातला कर्णा 'सेल, सेल' म्हणून कोकलत होता. त्या गोंगाटात मी अप्पांच्या समोर उभा राहून पुटपुटलो, "गाढवाला गुळाची चव काय."

बापाला म्हणालो मी हे. ऐकू जाणार नाही ह्या खात्रीने म्हणालो.

अप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. "खरं आहे," ते शांतपणे म्हणाले.

म्हणजे ऐकलं तर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सबवेत मी कॅटलॉगात तोंड खुपसून बसलो.

तिसऱ्या रविवारी हिरोसे-सानने काळं कापड काढलं. त्याची ती पद्धतच होती. गिऱ्हाईक नाव आणि किंमत बघून आधीच मत बनवतं, म्हणून दोन्ही यंत्रं झाकायची आणि नुसतं ऐकवायचं. मला कल्पना फारच आवडली. आता कसा चिक्कूपणा करतात बघू, म्हटलं.

पहिलं यंत्र दोन मिनिटं वाजलं. मग हिरोसे-सान वाकून दुसऱ्याची वायर जोडायला लागला. दुकानात वरच्या मजल्यावर अगदी सामसूम झाली. फक्त खालचा कर्णा चालू होता. अप्पा कापडाकडे टक लावून बसले होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. थोड्या वेळाने त्यांनी मांडीवर बोट आपटलं आणि मान हलवली.

"वा," अप्पा म्हणाले. "हा दुसरा जास्त मोकळा लागतोय."

हिरोसे-सान वायर हातात धरून उभा राहिला आणि कमरेत वाकला. "सुमिमासेन," त्याने माफी मागितली. "दुसरा अजून लावलेला नाही."

त्याला अप्पांचं मराठी कळलं नव्हतं, नुसती मान हलताना दिसली होती. मी अप्पांना भाषांतर करून सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. माझा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं होतं.

आम्ही खाली कॉफीच्या दुकानात बसलो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"नऊ वर्षं झाली असतील. आधी तानपुरा गेला. मग हळूहळू सगळंच." त्यांनी कपातली साखर बराच वेळ ढवळली. "बोलणं कळतं रे, माणूस समोर तोंड करून बोलला तर. ओठ वाचायची सवय झाली आहे. पण गाणं म्हणजे पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं वाजतं. आणि गाणं थांबलं तरी कानात ते खडे हलतच राहतात."

ओठ. म्हणजे परवाचं माझं वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं, वाचलं होतं.

"पण बैठकीत तुम्ही बरोबर समेवर दाद द्यायचात. मी सुट्टीला आलो तेव्हा बघितलंय."

"तुझी आई मागे बसायची ना. पाठीला तिचं बोट लागलं की मी मान हलवायची. दोनदा लागलं की 'वा'."

"आणि मला पत्रं लिहायचात ती? अमुक रेकॉर्ड अशी, तमुक तशी?"

"मजकूर तिचा. अक्षर माझं."

मला तिथेच रडू फुटलं. परदेशात एकटा असताना मी ती पत्रं पुन्हा पुन्हा वाचायचो. बाप आपल्याशी बोलतोय असं वाटण्याची तेवढी एकच जागा होती.

अप्पांना इथे येऊन दीड महिना झाला होता आणि आम्हा कुणाला संशयही आला नव्हता. येणार कसा? रस्त्यावरची, दुकानातली माणसं काय बोलतात ते त्यांना तसंही कळणार नव्हतं. सहा वर्षांची अनघा आजोबांना अर्ध्या गोष्टी जपानीत सांगायची आणि ते हसून मान डोलवायचे, त्यात मेधाला कौतुक वाटायचं. बहिऱ्या माणसाला लपून राहायला ह्याहून चांगला देश मिळाला नसता.

मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. नेणारच. तपासणीनंतर डॉक्टरने एक आलेख समोर ठेवला. रेघ थोडं अंतर आडवी जात होती आणि मग जिन्यावरून पडावी तशी खाली गेली होती. मशीन लावलं तर बोलणं थोडं स्पष्ट होईल, गाणं नाही, तो म्हणाला. खराब झालेलं परत येत नाही. एवढे कॅटलॉग पाठ करून मला एवढी साधी गोष्ट माहीत नव्हती.

"मशीन पुण्यातही लावून बघितलं होतं," बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले. "डबाच मोठ्याने वाजतो."

"मग मंडळींना सांगून टाकू या, अप्पा. नंदूकाका काय परके आहेत?"

"खबरदार!" इतकं चिडलेलं मी त्यांना क्वचित पाहिलं होतं. "कीव करायला येतील दोन रविवार. मग कशाला येतील? अरे, माझ्याकडे दुसरं आहे काय? ते येतात ते मला कान आहे म्हणून. मला गाणं नसलं तरी चालेल, हरीश. माणसं हवीत. ती गेली तर दिवसभर भिंतींकडे बघत बसायचं."

आम्ही सबवेच्या जिन्यापर्यंत आलो.

"तू मला प्लेअर घेऊन दे," ते म्हणाले. "ज्याचे आकडे मोठे असतील असा. बसल्या जागेवरून दिसायला पाहिजेत. कुठे मान हलवायची ते वेळ बघून लिहून दे. आई करायची ते काम समज."

आम्ही चौथ्यांदा ओसूला गेलो. हिरोसे-सानने मोठ्या हौसेने एक मॉडेल पुढे ठेवलं. त्यात आकडे बंद करायचं बटण होतं. आकडे विझवले की आवाज आणखी निर्मळ होतो, तो म्हणाला, आणि ह्या किमतीत असा आवाज दुसरा देत नाही. मी विचारलं, सगळ्यांत मोठे आकडे कशाचे आहेत? त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग तळाच्या फळीवरचा एक प्लेअर काढला, जो चार महिन्यांत माझ्या कुठल्याच यादीत नव्हता.

"ओतोसानचे डोळे कमजोर आहेत का?" त्याने वडिलांबद्दल विचारलं.

"हो," मी म्हणालो. "डोळे."

मग मी सहा सीड्या घेऊन बसलो. मेधाला सांगितलं, अप्पांसाठी टिपणं काढतोय. तोडीचा कागद असा होता: सुरुवातीला डोळे मिटून बसा. ६:१२ मान हलवा. ११:४० 'वा'. १९:०५ हात वर न्या, बोलू नका. २३:५० 'काय जागा घेतली!' अप्पांनी चष्मा लावून सगळं पाठ केलं. परीक्षेला बसल्यासारखे ते रोज दुपारी सराव करायचे आणि मी शेजारी बसून चुका काढायचो. एकदा शनिवारी 'वा' इतका नेमका पडला की मेधा ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली.

"अप्पा! किती दिवसांनी ऐकला हा 'वा'!"

तिचे डोळे भरून आले होते. अप्पा तिच्याकडे बघून हसले. मी प्लेअरकडे बघत राहिलो.

नोव्हेंबरात अप्पा परत गेले. यंत्रं, वजनदार ट्रान्सफॉर्मर, सीड्या, कागद, सगळं बरोबर दिलं. डिसेंबरात त्यांचं पत्र आलं. चौघंही येतात. नंदू म्हणाला, कान अजून तसाच आहे हो तुमचा. हे पत्र मात्र सबंध त्यांचंच होतं, साडेचार ओळींचं. मी ते मेधाला वाचून दाखवलं आणि त्या आठवड्यात ऑफिसमध्ये शीळ घालत होतो. वाटलं, जमलं. मूर्ख माणूस.

फेब्रुवारीत नंदूकाकांचं पत्र आलं.

"चि. हरीश, लिहू की नको असं करत पंधरा दिवस गेले. मागच्या रविवारच्या आधीच्या रविवारी अप्पांनी तोडी लावली. कामवालीने पुसताना अॅम्प्लिफायरची पिन काढून ठेवली होती, ते आम्हाला मागाहून दिसलं. प्लेअर चालू होता, आकडे पळत होते, आवाज मात्र शून्य. मी सांगायला उठणार तेवढ्यात अप्पांनी मान हलवली. पुढे 'वा' म्हणाले. आमच्याकडे बघून म्हणाले, 'काय जागा घेतली!' आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग मीही 'वा' म्हटलं. नंतर सगळ्यांनीच म्हटलं. सत्तावन्न मिनिटं आम्ही चौघं म्हातारे त्या शांततेत माना हलवत बसलो. जाताना मी पिन खोचली. अप्पांना कळलेलं नाही.

"आता मात्र जाववत नाही रे. परत जाऊन ते नाटक करवणार नाही आणि तोंडावर सांगवणारही नाही. बाकीचेही तेच म्हणतात. तेव्हा आम्ही जात नाही. राग मानू नकोस. अप्पांना ह्यातलं काही कळवू नकोस."

चार दिवसांनी अप्पांचं पत्र आलं. "ह्या महिन्यात सगळ्यांनाच कामं निघाली आहेत. नंदूचा गुडघा धरला आहे म्हणे. मी दर रविवारी सतरंजी घालून ठेवतो. तेच तेच ऐकून मंडळी कंटाळली असतील असं मला वाटतं. ललतची नवी सीडी आणि तिची यादी पाठव, म्हणजे येतील तेव्हा माझी तयारी असेल."

मी दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. नंदूकाकांना शिव्या घालाव्यात असं वाटलं, पण घालणार कुठल्या तोंडाने? अप्पांना खरं सांगावं, तर त्यांनी त्याच गोष्टीला 'खबरदार' म्हटलं होतं. ह्या यंत्रातून काहीच वाजणार नव्हतं, कितीही चांगलं घेतलं असतं तरी.

शनिवारी दुपारी मेधा अनघाला पोहायला घेऊन गेली. मी ललत लावला आणि घड्याळ घेऊन बसलो. ७:२८ मान हलवा. १४:०२ 'वा'. २६:१५ डोळे मिटा. एकही जागा सोडली नाही. कागद भरला, तेव्हा तळाशी लिहिलं: ५१:४० संपलं. आता मंडळींकडे बघून हसा.