विहिरीशेजारचा देवमासा

वादळाने किनाऱ्यावर नाही नाही ते आणून टाकलं होतं: एकेकटे बूट, खुर्चीचे पाय, कुणाच्या तरी दारावरची घंटा. पण लॉजच्या पायऱ्यांसमोर पडला होता तो मेलेला देवमासा. पोट टम्म फुगलेलं, कातडी सुटलेली, आणि वास असा की आतडी तोंडाशी यावीत.

"पालिकेला कळवू या," लॉजचं स्वयंपाकघर सांभाळणारी धाकटी सून म्हणाली.

"म्हणजे ते किनारा बंद करणार आणि ऐन हंगामात पाहुणे पळणार! झाकली मूठ सव्वा लाखाची," मालक म्हणाले. हे तिचे थोरले दीर.

भाऊजींनी ट्रॅक्टरने धूड मागच्या अंगणात ओढलं आणि पुरलं. तिथली वाळू ओली, खणायला सोपी. ओली होती, कारण शेजारीच विहीर होती. पण एवढा विचार करायला डोकं लागतं, आणि भाऊजींनी ते फक्त टोपीसाठी राखून ठेवलं होतं.

थोड्याच दिवसांत पाण्यावर तवंग आला. भांडी घासली की जास्तच ओशट होत. स्वतःच्या हातांचीच तिला शिसारी येऊ लागली.

"भाऊजी, टँकर मागवा."

"टँकर दिसला की लोक विचारतील. उकळून घे."

"उकळलं की त्याचं सूप होतं!"

नवऱ्याने तिला बाजूला ओढलं. "छप्पर दादाचं आहे. तोंड उघडलंस तर पोरांसकट रस्त्यावर येऊ."

प्यायला निदान बाटल्या होत्या. एका दुपारी त्याही संपल्या. टेबलाभोवती पाहुणे बसलेले, भाऊजी यजमान. "जग भरून आण गं," त्यांनी फर्मावलं.

तिने आणला आणि पहिला पेला त्यांच्यापुढेच ठेवला. "आधी तुम्ही घ्या. घरच्या विहिरीचं आहे."

सगळे बघत होते. भाऊजींनी डोळे मिटून पेला रिकामा केला. मिशीला तेलकट थेंब लोंबत राहिला. "अमृत!" ते म्हणाले.

झालं! पाहुण्यांनीही पेले पुढे केले. डाव तिच्याच अंगाशी आला होता. एका चिमुरडीने तर दोन्ही हातांनी पेला उचलून धरला. सुनेने जग छातीशी घट्ट धरला; ओतणं शक्य नव्हतं, आणि बोललं तर छप्पर जाणार होतं.

भाऊजींनी त्या चिमुरडीच्या पेल्यावर तळहात ठेवला.

"तिला नको," ते पुटपुटले.

"का हो?" मुलीच्या आईने विचारलं.

"विहिरीशेजारी मी मेलेला..." एवढंच ते बोलू शकले, आणि भरल्या टेबलावर भडाभडा ओकले.