देवापुढच्या रंगाच्या बाटल्या

रंग तळाशी बसतो, एवढी साधी गोष्ट भरतच्या डोक्यात कधी शिरली नाही. बाटली बाहेरून हिरवी दिसली की झालं. कार्डावर मात्र नावापुढे 'प्रोप्रायटर' छापून घेतलं होतं.

दोन हजार चार सालची गोष्ट. भोसरीतली रबरी खेळण्यांची कंपनी बंद पडली आणि मी घोडेगावला परत आलो. कंपनीत मी मऊ प्लॅस्टिकचे बेडूक, पाली, साप ओतायचो. त्याच सुमारास डिंभे धरणाच्या फुगवट्यावर पुण्याची माणसं रविवारी गळ टाकायला येऊ लागली होती. दिवसभर उन्हात उभं राहायचं, मरळ लागली की तिच्याबरोबर फोटो काढायचा आणि तिला परत पाण्यात सोडायचं. आमचे वडील भागुजी खांद्यावर जाळं घेऊन हा तमाशा बघायचे आणि थुंकायचे. या लोकांच्या गळाला गांडूळही खरं नसायचं, रबराचं असायचं, आणि तेही परदेशातून आणलेलं. एक हातात घेऊन पाहिलं आणि म्हटलं, हे तर मी डोळे झाकून ओतीन.

भरत शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या शेतावर मोटरीची रिकामी खोली होती, बुडाखाली फटफटी होती आणि साहेब लोकांपुढे दात काढायची हौस होती. काम माझं, खोली त्याची, असं ठरलं. खोलीत आम्ही एका ताटात जेवायचो, हेही सांगून ठेवतो. नाहीतर म्हणाल, हा माणूस उगाच कडू.

काम असं. दुधासारखं पातळ प्लॅस्टिक स्टोव्हवर तापवायचं. ते आधी घट्ट होतं, मग काचेसारखं निवळतं. निवळलं की त्यात रंगाचे थेंब टाकून प्लॅस्टरच्या साच्यात ओतायचं. सगळी गोम त्या थेंबात. रंगाची पूड तेलात नुसती तरंगत असते, बाटली उभी ठेवली की ती खाली बसते. वर राहतं ते नुसतं तेल, तळाला चिखल. म्हणून प्रत्येक बाटलीत मी सायकलचे छर्रे टाकले होते. सकाळ-संध्याकाळ बाटल्या उलट्या-सुलट्या करायच्या, छर्रे तळाला मोकळे वाजले पाहिजेत. नाही वाजले तर स्पोकने तळ खरवडायचा. ओतायच्या आधी पुन्हा हलवायचं, पण घुसळायचं नाही, नाहीतर बुडबुडे येतात. भरतला हे शंभरदा सांगितलं. तो म्हणायचा, "व्हय रे, कळलं," आणि खिशातलं कार्ड काढून बघत बसायचा.

पुण्याच्या मिस्त्री साहेबांना आमचा शेवाळी रंगाचा नमुना आवडला. दसऱ्यानंतरच्या रविवारी त्यांच्या क्लबची धरणावर स्पर्धा होती. सगळी गांडुळं नमुन्याबरहुकूम निघाली, तर त्यांच्या दुकानात आमचा माल कायमचा लागणार होता. मला भोसरीत परत कुणाच्या गेटवर हेल्पर म्हणून उभं राहायचं नव्हतं. माझं सगळं त्या रंगावर अडलं होतं. प्लॅस्टिक मुंबईहून दसऱ्याच्या तोंडावर येणार होतं, रंग मात्र खोलीत तयार होते.

घट बसले त्या दिवशी खोलीत गेलो तर फळी मोकळी. भरतने बाटल्या घरी नेऊन देवघरात घटाशेजारी मांडल्या होत्या. धंद्याला यश यावं म्हणून! गडी एरवी रोज बाटल्या हलवायला विसरायचा, त्याला नेमकं हे सुचलं.

मी त्याच्या घरी गेलो. ओटीवर त्याची आई कुशाबाई वाती वळत बसली होती, धाकटी बहीण आरती आत चुलीपाशी होती.

"मावशी, बाटल्या तेवढ्या रोज हलवाव्या लागत्यात," मी म्हणालो.

"देव बसल्यात बाबा. घट उठंपातुर तिथलं काय बी हलवायचं न्हाई."

"नाय हलवल्या तर रंग तळाला दगडावानी बसंल. तुमाला नको वाटत आसंल तर मी हलवतो. दोन मिनिटांचं काम हाय."

कुशाबाईच्या हातातली वात तशीच राहिली. भरत एकदम चपलेचा अंगठा बघू लागला. आमचं घर छप्पन्न सालापासून बौद्ध, त्याआधी काय होतं ते सगळ्या गावाला पाठ.

"तू बस की पायरीवर," कुशाबाई गोड आवाजात म्हणाली. "आरती च्या आणतीया."

चहा न पिता मी उठलो. भरत मागून कोपऱ्यापर्यंत आला. म्हणाला, "आई जुनी माणूस हाय रे." जुनी माणूस! आणि हा नवा माणूस तोंडात गुळणी धरून उभा होता. मला त्याची मनापासून किळस आली.

दसऱ्याला सकाळी मी आमच्या वस्तीत धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला होतो. आदल्या दिवशी प्लॅस्टिक आलं होतं. दुपारी बाटल्या खरवडायच्या आणि मग ओतायचं, असं मी भरतला बजावलं होतं. दुपारी जाऊन बघतो तर प्रोप्रायटर साहेबांनी मुहूर्त साधला होता. हळदकुंकू लावलेल्या बाटल्या उघड्या आणि सगळं प्लॅस्टिक संपलेलं. पहिली गांडुळं कुरडईच्या चिकासारखी पांढरट. रंग येईना म्हणून पठ्ठ्याने तेल ओतत नेलं, तर पुढची लिबलिबीत. शेवटी तळाचा चिखल काठीने उकरून टाकला, ती कोळशासारखी काळी. शेवाळी एक नाही.

"थोडं कमी-जास्त झालंय," भरत म्हणाला.

रविवारी मिस्त्री साहेबांनी पाण्याच्या कडेला पिशवी उघडली. एक पांढरं आणि एक काळं गांडूळ तळहातावर घेऊन त्यांनी विचारलं, "रंग कोणी मिसळला?"

"रंगाचं समदं रवींद्र बघतो साहेब," भरत माझ्याकडे बोट करून पटकन म्हणाला.

मग मीही सांगितलं. "साहेब, रंग घट बसल्यापासून यांच्या देवघरात होते. मला देवघरात जाता येत नाही."

मिस्त्री साहेबांनी पिशवी बंद करून भरतच्या हातात दिली आणि आपलं जुनं परदेशी गांडूळ गळाला लावलं. दुकानाचा विषय तिथेच मिटला.

परतताना भरत फुगला होता. खोलीवर येईपर्यंत त्याला राहवलं नाही. "चार लोकांत घरातलं काढायची काय गरज व्हती?"

मी साचे पुसू लागलो. तसा तो नरमला. जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला. कुणावर तरी उपकार करताना होतं तसं त्याचं तोंड झालं होतं.

"आईशी बोललो मी काल. पुढल्या वर्साला बाटल्या हलवायला तिची हरकत न्हाई. आरती हलवंल. तू फकस्त तिला शिकव, ओटीवर बसून."

म्हणजे देवाची हरकत बाटल्या हलवायला कधीच नव्हती. मी त्याचा हात खांद्यावरून काढला, साचे पोत्यात भरले आणि घोडेगावच्या रस्त्याला लागलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने भोसरी गाठली आणि एका कंपनीच्या गेटवर उभा राहिलो.