शेवटच्या बर्फाचा मासा

दर मंगळवारी सकाळी नऊला डेल्फीन काबाटे आणि तिचे वडील युस्टस, केटल नावाच्या तलावाकाठच्या टेकाडावर पाऊस आणायला जात. हिवाळ्यात पाऊस कुठला, बर्फच. पण यंत्राला दोन्ही सारखंच. कुंपणातल्या पेटीचं झाकण आभाळातून काही पडू लागलं की आपोआप सरकायचं आणि जे पडेल ते नरसाळ्यातून बाटलीत जायचं. ती बाटली बदलून विनिपेगच्या प्रयोगशाळेत धाडायची. तिथे त्यातला पारा मोजत.

हे काम एकट्याने करायचं नाही असा नियम. एकाचे हात स्वच्छ, दुसऱ्याचे मळके. मळक्या हातांनी बाहेरची पिशवी उघडायची, स्वच्छ हातांनी आतली, आणि बाटलीला स्वच्छ हातांखेरीज कुणी शिवायचं नाही. नऊ वर्षं स्वच्छ हात डेल्फीनचे आणि मळके युस्टसचे. सगळा जन्म मासे साफ करण्यात गेलेला माणूस. ही नोकरी आपल्याला हातांच्या वासावर मिळाली, असं तो सांगायचा. पिशवी उघडून धरली की एकच शब्द बोलायचा, "घे."

प्रयोगशाळेतून येणारे आकडे इतके बारीक असत की डेल्फीनला त्यांचा अभिमान वाटे. पारा ही मुळी केटल तलावाची गोष्टच नव्हती. ती खालच्या नदीकाठच्या लोकांची; तिथे कागदाची गिरणी होती, तिथल्या म्हाताऱ्यांचे हात कापत. इथे गिरणी नव्हती, धड रस्तासुद्धा परवा-परवा झालेला. दुकानात कुणी विचारलं, "काय डेल्फीन, आभाळ कसंय?" की ती म्हणे, "आपलं आभाळ स्वच्छ आहे." तिला कुणी आभाळाची हमी द्यायला नेमलं नव्हतं. पण लोक विचारायचे, मान द्यायचे, आणि मानाची सवय लवकर लागते.

ऑक्टोबरात डेल्फीनच्या मुलीला, कॉरिनला, दिवस गेल्याचं कळलं आणि युस्टसच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. केटल तलावावरची रीत अशी की सर्वांत मोठा मासा पोटुशीच्या ताटात जायचा. बायको गेल्यापासून कुणासाठी काही करायला न उरलेला हा माणूस आधी होडीत, मग बर्फाला भोक पाडून दिवसदिवस बसू लागला. दर आठवड्याला मोठ्यातला मोठा पिकरेल, लहान माशांवर जगणारा शिकारी मासा, कॉरिनच्या दारी. ती खाईपर्यंत समोरची खुर्ची सोडायचा नाही. डोकंही तिनेच खायचं. गालाचं मांस पोराच्या डोळ्यांना चांगलं, असं त्याचं म्हणणं. डेल्फीन हे बघून सुखावायची.

त्याच हिवाळ्यात प्रयोगशाळेने पावसाबरोबर तलावातले मासे आणि गावातल्या तीस जणांचे केस मागवले. कॉरिनच्या मानेवरची बट डेल्फीनने स्वतः कापली, मुळाची बाजू दोऱ्याने बांधली आणि पाकिटात घातली.

उत्तर मार्चअखेर आलं. कॉरिन पत्र घेऊन आईच्या स्वयंपाकघरात आली आणि तिने ते टेबलावर ठेवलं. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, म्हणून त्यांनी बटेचे सेंटिमीटरचे तुकडे करून एकेका महिन्याचा पारा मोजला होता. बाळंतपणाच्या वयातल्या बाईला दहा लाख भागांत दोनपर्यंत चालतो. सप्टेंबरच्या तुकड्यात दीड होता. ऑक्टोबरपासून तो चढू लागला होता, आणि मुळाशी सात.

डेल्फीनचं बोट ऑक्टोबरच्या आकड्याशी थांबलं. ऑक्टोबरात काय सुरू झालं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तिने तिथूनच प्रयोगशाळेतल्या बाईंना फोन लावला. बाई बोलायला शांत होत्या. हा पारा गिरणीचा नाही, म्हणाल्या. जगभर कोळसा जळतो त्याचा, वाऱ्याबरोबर हजारो मैल येतो आणि बर्फातून, पावसातून थेंबाथेंबाने पडतो. तुमच्या आकड्यांत काही खोट नव्हती. पण दलदलीत त्याचं रूप पालटतं, किड्यांतून तो लहान माशात जातो, लहानातून मोठ्यात, आणि एकदा अंगात शिरला की सहज निघत नाही. वीस वर्षं जगलेल्या पिकरेलमध्ये वीस वर्षांचं आभाळ साठलेलं असतं. लहान मासे आणि किड्यांवर जगणारे व्हाइटफिश खुशाल खा. मोठा पिकरेल आजपासून बंद. बाळाचं काय, असं डेल्फीनने विचारलं. आत्ता कुणीच सांगू शकणार नाही, बाई म्हणाल्या. कदाचित काही होणार नाही, कदाचित शाळेत जायला लागल्यावर कळेल.

फोन ठेवल्यावर कॉरिन म्हणाली, "मिशोमिसला सांगू नकोस." आजोबाला, युस्टसला, ती मिशोमिस म्हणे.

"मग तो आणत राहील."

"आणू दे. मी नाही खाणार. लपवेन, पुरेन, काहीही करेन. पण त्याला हे कळलं ना आई, की पणतवंडाला विष आपण चारलं, तर तो उठायचा नाही."

डेल्फीनला वडिलांची भीती नव्हती, स्वतःची होती. म्हातारा तिला तिचेच शब्द ऐकवणार, हे तिला ठाऊक होतं.

मंगळवारी टेकाडावर, त्याने पिशवी उघडायच्या आत, तिने सगळं सांगितलं. युस्टस तलावाकडे बघत राहिला. बर्फ काळपट झाला होता. आठवड्याभरात फुटणार होता. हातातली पिशवी त्याने दोनदा घडी केली, दोनदा उलगडली.

"तू म्हणायचीस, आभाळ स्वच्छ आहे," तो म्हणाला.

"आकडे तसेच होते, बाबा."

"मी आकडे नाही विचारले."

"नाही," डेल्फीन म्हणाली. "माशांचं मी कधी विचारलंच नाही. मी चुकले."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने पिशवी उघडून धरली. "घे" म्हणाला नाही. बाटली बदलून दोघं खाली आली.

शनिवारी गावच्या सभागृहात शेवटच्या बर्फाचं जेवण होतं. त्या दिवशीचा सर्वांत मोठा मासा युस्टसनेच काढला होता, चांगला अकरा पौंडांचा, आणि तो बर्फावरून ओढताना अर्ध्या गावाने पाहिला होता. पोटुशीला मान द्यायची वेळ आली तसे सगळे त्याच्याकडे वळले. तो उठला आणि त्याने कॉरिनपुढे ताट ठेवलं. ताटात व्हाइटफिशचा तळहाताएवढासुद्धा नसलेला तुकडा होता.

क्षणभर कुणाला काही समजेना. मग त्याचा चुलतभाऊ रूपर्ट म्हणाला, "काय रे युस्टस, मोठा कुत्र्यांना घातलास की काय? का नातीपेक्षा स्वतःच्या पोटावर जास्त माया?"

सभागृह हसलं. पन्नास वर्षं ज्याच्या माशाला तोड नव्हती, तो मान खाली घालून जागेवर बसला. मोठा मासा त्याने सकाळीच घरामागे पुरला होता. अन्न मातीत घालणं त्याच्या हातून जन्मात पहिल्यांदा घडलं होतं. डेल्फीनला वाटलं, चला, इतकंच होतं, निभावलं. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची तिला पुढे फार दिवस लाज वाटत राहिली.

कारण रूपर्ट थांबला नाही. त्याची सून टेसा, विशीतली पोर, चार महिन्यांची पोटुशी होती. "आमच्या घरात अजून रीत पाळतात," असं म्हणत त्याने स्वतः पकडलेला आठ पौंडी पिकरेल डोक्यासकट तिच्यापुढे ठेवला. टेसा लाजली. तिने गालाचं मांस बोटांनी सोडवलं.

युस्टस उठला, टेबलांमधून गेला आणि त्याने तिच्यासमोरचं ताट उचललं. भरल्या ताटावरून कुणाला उठवण्याइतका अपमान त्या गावात दुसरा नाही. रूपर्ट खुर्ची ढकलून उभा राहिला.

"खाली ठेव ते."

"सहा महिने मी माझ्या नातीला हेच चारलं," युस्टस म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. "मोठ्यातला मोठा शोधून. तिच्या केसांत आता पारा आहे. माझ्या हातचा."

कॉरिनने दोन्ही हात पोटावर ठेवले. रूपर्टने तिच्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "पण आपल्याकडे गिरणी कुठंय? डेल्फीन तर म्हणते, आपलं आभाळ..."

सगळ्या माना डेल्फीनकडे वळल्या. दुकानात "आभाळ कसंय?" विचारणारी तीच ही माणसं, नऊ वर्षं तिच्या शब्दावर तव्यात मासे टाकलेली. तिला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण तीत जावं. वडील समोर उभे होते, हातात दुसऱ्याच्या सुनेचं ताट, आणि आता पुढचं काम त्यांचं नव्हतं.

"घे, डेल्फीन," ते म्हणाले.

ती उठली आणि तिने ताट हातात घेतलं. मग गावाला सगळं सांगायला सुरुवात केली, आधी स्वतःची चूक.