मोरिकावाचा चाहता

राधिका अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी, जपानी इतिहासात पीएचडी करत होती. तिचा विषय मोरिकावा तादाहिरो, चारशे वर्षांपूर्वीचा एक लहानसा जहागीरदार. जपानीत अशाला दाइम्यो म्हणतात. इतकी वर्षं त्याची कागदपत्रं वाचून तिला तो मनापासून नकोसा झाला होता.

तिचा मावसभाऊ विनय मात्र त्याच्या नावावरच फिदा होता. विनय रेडमंडला एका सॉफ्टवेअर कंपनीत डायरेक्टर. सुट्टीत राधिका त्याच्याकडे आली, तेव्हा त्याने अख्ख्या टीमला जेवायला बोलावलं.

"राधिका, मोरिकावाबद्दल सांग यांना. रिअल लीडर कसा असतो ते कळू दे."

राधिकाने सांगितलं. शत्रूने गढीला वेढा घातला, तेव्हा मोरिकावाने आपलं चिलखत तोरासुके नावाच्या सेवकाच्या अंगावर चढवलं आणि स्वतः दासीचा वेश घेऊन मागच्या दाराने पळाला. शत्रूने तोरासुकेचं मुंडकं उडवलं. मोरिकावा पुढे त्याच शत्रूला जाऊन मिळाला, नवी जहागीर पटकावली, हौसेने लावे पक्षी पाळले, स्वामिनिष्ठेवर कविता केल्या. तोरासुकेची बायको मूठभर तांदूळ मागायला आली, तर म्हणाला, "तुझ्या नवऱ्याने माझं चांगलं चिलखत घालवलं." म्हातारपणी मासे अति खाऊन अंथरुणातच मेला.

"पण स्ट्रॅटेजी बघ ना!" विनय म्हणाला. "लीडर वाचला की सगळे वाचतात."

"सगळे मेले, दादा. गढी जळाली."

"यतीनसारखं झालं," आश्लेषा म्हणाली. ती टीममधली सगळ्यात जुनी. उन्हाळ्यात विनयच्या हट्टापायी एक प्रोजेक्ट बुडालं आणि त्याने खापर टीममधल्याच यतीनच्या माथ्यावर फोडलं. यतीनची नोकरी गेली, पाठोपाठ व्हिसा. बायको-मुलीला घेऊन तो नागपूरला परतला.

"इथे ऑफिस नको यार," विनय हसला. "चला, बासुंदी घ्या."

आणि सगळ्यांनी निमूटपणे वाट्या पुढे केल्या. राधिकाला त्यांचीही शिसारी आली. एकट्या आश्लेषाने कोट उचलला. राधिका म्हणाली, "थांब, मीही येते."

विनयने तिला दारात गाठलं. "आमच्या लीडरशिप मीटमध्ये बोलशील? फक्त तो पळून जायचा भाग कट कर."

"तूच बोल, दादा. तुला तो माझ्यापेक्षा जास्त कळलाय."

"थँक्स!" विनय खूश होऊन म्हणाला.