पायरी नसलेला थांबा

मी बसथांबा बोलतोय. पण छप्पर आणि बाकडं असलेला बापडा थांबा नव्हे हं! मी काचेचा, आडव्या पिंपासारखा गोल आणि रस्त्यापासून चांगला कमरेइतका उंच. ब्राझीलमधल्या या कुरितिबा शहरात माझी भावंडं चिक्कार, त्यामुळे इथं माझं कुणाला कौतुक नाही. म्हणून म्हटलं, तुम्हाला सांगावं.

कारखान्यात माझी लोखंडी कडी वाकवली, काचा बसवल्या आणि ट्रकवर घालून मला या रस्त्यावर आणलं. उतरतो न उतरतो तोच कानावर पहिलं वाक्य आलं, "हे नळकांडं माझ्याच दारात कशाला?"

बोलणारे होते अनसेल्मो कोवाल्स्की, समोरच्या बेकरीचे मालक. राय नावाच्या धान्याच्या पिठाचा त्यांचा काळा पाव साऱ्या वस्तीत प्रसिद्ध. माझ्यासाठी रस्त्याच्या मधोमध बसगाड्यांना स्वतंत्र वाट दिली, तिथं मोटारींना मज्जाव केला, आणि बेकरीसमोर गाड्या लावायची जागा गेली.

"गाडी लावता आली नाही तर गिऱ्हाईक थांबेल कशाला? धंदा बुडाला म्हणून समजा!"

त्यांचं अगदीच चूक नव्हतं. सुरुवातीला संध्याकाळी पाव उरायचे. मला काचेतून दिसायचे ना!

नगरपालिकेनं मला तीन महिन्यांच्या बोलीवर आणलं होतं. मग वस्तीला विचारायचं, ठेवायचा की उचलायचा. असं टांगणीला लागल्यावर कुणाचं चित्त थाऱ्यावर राहील?

कामात मात्र मी कुचराई केली नाही. माझ्या दारात जुसेलिया बसते, ती भाडं आधीच घेते. त्यामुळे बस आली की सुट्ट्या पैशांची कटकट नाही. लांबलचक लाल बस येते, दारं उघडतात, तिच्यातून एक फळी थेट माझ्या फरशीवर पडते. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तशी माणसं आत जातात. शेजारी मोटारी भोंगे वाजवत तुंबलेल्या असतात आणि आमची लाल बस सर्रकन पुढे!

इथली माणसं मुलखाची अबोल. शेजारी दिसला तरी आभाळाकडे बघतील. आभाळ तरी कुठं भरवशाचं? सकाळी ऊन, दुपारी गारा. छत्री आणि स्वेटर दोन्ही काखेत मारूनच जो तो घराबाहेर पडतो.

बेकरीच्या वरच्या खिडकीतून एक म्हातारी माझ्याकडे रोज टक लावून बघायची. अनसेल्मोंची आई, हेदविजेस आजी. तिचे गुडघे गेलेले, साध्या बसच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. तिची धाकटी बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला अंथरुणाला खिळलेली. "रविवारी नेतो की गाडीतून," अनसेल्मो म्हणायचे. आणि नेमकी रविवारीच बेकरीत झुंबड! मला वाटायचं, ही म्हातारीही मला शिव्याच घालतेय.

एका गुरुवारी अनसेल्मो पीठ आणायला गेले आणि आजी कठड्याला धरून माझ्या उतारावरून वर आली.

"काय आजी, स्वारी कुठं?" जुसेलियानं विचारलं.

"बहिणीकडे. अनसेल्मोला सांगितलंस तर याद राख! बसची पायरी किती उंच आहे गं?"

"पायरीच नाही, आजी."

"उगाच थट्टा करू नकोस म्हातारीची."

बस आली, फळी पडली. आजीनं सवयीनं पाय उंच उचलला. चढायला काही नव्हतंच! पाय अलगद खाली आला आणि आजी बसमध्ये. वळून माझ्याकडे बघून अशी हसली म्हणून सांगू! खरं सांगतो, आपल्याला इथंच राहायचंय, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

मग दर गुरुवारी हा चोरटा प्रवास सुरू झाला.

तीन महिने संपले. निकालाचा दिवसही गुरुवारच आला. नगरपालिकेच्या बाई बेकरीसमोर उभ्या, भोवती वस्ती जमलेली. अनसेल्मो तावातावानं बोलत होते, "एवढी हौस आहे तर जमिनीखालून रेल्वे करा म्हणावं!"

"करा की!" जुसेलिया माझ्या दारातून ओरडली. "ती होईपर्यंत सगळ्यांनी काय घरात बसायचं?"

तेवढ्यात तडातडा गारा सुरू झाल्या. पळापळ झाली आणि सगळे विरोधक माझ्याच पोटात! मला हसू आवरेना.

अनसेल्मो केस झटकत म्हणाले, "ही बस हवीय कुणाला? आमच्या घरातल्या एकानं तरी पाऊल ठेवलंय का हिच्यात?"

बस येऊन थांबली. फळी पडली. आणि फडकं बांधलेला टोप हातात घेऊन हेदविजेस आजी बाहेर आली. अंगावर पावसाचा थेंब नाही.

"आई? तू? कुठून?"

"तुझ्या मावशीकडून. तुझा रविवार उगवायची वाट बघत बसले असते, तर तिला शवपेटीतच पाहिलं असतं मी." आजीनं टोप त्यांच्या हातात दिला. "धर नीट. पिएरोगी आहेत, बटाटा भरलेल्या, गरम. तिनं गादीवर बसून स्वतः वळल्यात."

ती अबोल माणसं खो खो हसली. अनसेल्मोंनी मात्र टोप दोन्ही हातांनी छातीशी धरला. डोळे भरले होते त्यांचे.

बाईंनी घसा खाकरला. "ज्यांना हा थांबा नको असेल त्यांनी हात वर करा."

सगळ्यांच्या नजरा अनसेल्मोंकडे. त्यांचे दोन्ही हात टोपाला. टोप खाली ठेवायला जागा होती. जुसेलियानं तर खट्याळपणे विचारलंही, "द्या इकडे दादा, मी धरते."

"राहू दे," अनसेल्मो म्हणाले. "सांडेल."

मग इकडे तिकडे दोनचार हात अर्धवट वर आले आणि खालीही गेले.

मी राहिलो. बेकरीला आता माझ्या बाजूनं एक खिडकी फोडलीय, तिथून उतारूंना पाव मिळतो. अनसेल्मो अजून मला नळकांडंच म्हणतात. म्हणोत बापडे! तुमच्या रस्त्यावर माझ्यासारखा कुणी आला, तर गाडी कुठं लावायची ते जरूर विचारा. पण घरात कोण अडकून बसलंय, तेही एकदा विचारा, एवढंच मागणं.

चला, बस वळणावर दिसतेय आणि आजी उतारावर आलीय. आज लेकानं हात धरलाय. हल्ली बसच्या दारात आजी पाय उंच उचलत नाही.